जुन्या रुग्णवाहिकेचे फिरते घर

अमेरिकेत शहरांची अग्निशमन दले, जिल्हा प्रशासने आणि खासगी रुग्णसेवा आपल्या रुग्णवाहिका काही वर्षे वापरून झाल्या की विकून टाकतात. सरकारी मालमत्तेच्या लिलावात त्या काही हजार डॉलरपासून मिळतात. कारखान्यातून तयार होऊन आलेली लहान कॅम्पर व्हॅन मात्र सहज एक लाख डॉलरच्या पुढे जाते. हा फरक पाहून अनेक हौशी प्रवासी रुग्णवाहिकेकडे वळतात. पण स्वस्ताई हे तिचे खरे बळ नव्हे. साधी मालवाहू व्हॅन याहूनही स्वस्तात मिळू शकते. रुग्णवाहिकेत भिंतींना आतून अस्तर, छतात दिवे, भक्कम कपाटे, बाहेरून उघडणारे कप्पे, जाड तारांचे वायरिंग आणि मोठा अल्टरनेटर हे सारे आधीच बसवलेले असते. जो हे ओळखून जपतो त्याचा खर्च आटोक्यात राहतो. ज्याला सगळे उपटून नव्याने बांधायचे आहे, त्याने मालवाहू व्हॅन घेतलेलीच बरी.

ही गाडी एवढी दणकट का असते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९६० च्या दशकात अमेरिकेतील जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्यांच्या हाती होती, कारण माणसाला आडवे नेता येईल इतकी लांब गाडी त्यांच्याकडेच असे. त्या गाडीत उभे राहता येत नसे, की वाटेत उपचार करण्याइतकी जागा नसे. १९६६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवरच्या अहवालात ही दुरवस्था मांडली आणि हळूहळू नियम येऊ लागले. १९७४ मध्ये केंद्र सरकारच्या खरेदी विभागाने ‘केकेके-ए-१८२२’ हे विनिर्देश काढले. ते केंद्राच्या खरेदीपुरते होते, पण अनेक राज्यांनी तेच प्रमाण मानले. आतली उंची किती असावी, दारे कशी असावीत, प्राणवायूच्या कप्प्याला हवा कुठून मिळावी, एकाच वेळी सर्व दिवे आणि पंखे चालू असताना विजेची यंत्रणा किती भार सोसेल, असे बारीकसारीक तपशील त्यात होते. आज लिलावात दिसणाऱ्या बहुतेक गाड्या याच विनिर्देशांच्या छायेत घडलेल्या आहेत.

त्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात पिकअप ट्रकची केबिन आणि चासी असते आणि मागे स्वतंत्र डबा बसवलेला असतो. दुसरा प्रकार म्हणजे उंच छताची व्हॅन. तिसऱ्या प्रकारात केबिन व्हॅनची, मागे स्वतंत्र डबा आणि दोहोंमध्ये ये-जा करायला वाट असते. दुसरा प्रकार शहरात चालवायला सोपा आणि इंधनाला हलका, पण जागा अपुरी. पहिल्या प्रकारात इंजिनापर्यंत हात सहज पोहोचतो. मात्र केबिनमधून डब्यात जायला बहुधा खिडकीएवढीच फट असते. राहण्यासाठी तिसरा प्रकार सर्वांत सोयीचा. बाहेर पाऊस असो वा रात्री नको त्या ठिकाणी गाडी उभी राहिलेली असो, खाली न उतरता थेट स्टिअरिंगपाशी जाता येते. एकट्या प्रवाशाच्या दृष्टीने ही सोय फार मोलाची आहे.

पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारातील डबा हा या गाडीचा प्राण. ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांचा सांगाडा वेल्डिंग करून त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवतात. रुंदी साधारण साडेसात ते आठ फूट, लांबी साधारण बारा ते चौदा फूट आणि आत सहा फुटांच्या आसपास उंची. हा डबा चासीहून अधिक टिकतो. म्हणूनच अनेक सेवा इंजिन थकल्यावर तोच डबा उचलून नव्या चासीवर बसवून घेतात आणि आणखी काही वर्षे वापरतात. साहजिकच लिलावातल्या गाडीचा डबा चासीहून जुना असू शकतो. डब्यावर त्याच्या निर्मात्याची स्वतंत्र पाटी असते. डब्याच्या आणि चासीच्या पाट्यांवरची वर्षे ताडून पाहावीत.

खरेदीपूर्वीच्या तपासणीत सर्वांत जास्त फसवणारा आकडा म्हणजे धावलेले मैल. रुग्णवाहिका रुग्णालयाच्या दारात, अपघाताच्या जागी, चौकात वाट पाहत तासन्‌तास उभी असते, आणि आतली औषधे व उपकरणे ठरावीक तापमानात राहावीत म्हणून इंजिन चालूच ठेवलेले असते. मैलांचा काटा हलत नाही, पण इंजिनाची झीज सुरूच राहते. म्हणून इंजिनाचे तास पाहावे लागतात. बऱ्याच गाड्यांत तासमापक असतो. उभ्या गाडीत इंजिन एक तास चालले तर ते ढोबळमानाने २५ मैल धावण्याएवढे धरतात. समजा काट्यावर १ लाख मैल आणि तासमापकावर ८ हजार तास आहेत. रस्त्यावरचा सरासरी वेग ताशी ३० मैल धरला, तर प्रत्यक्ष धावण्यात सुमारे ३,३०० तास गेले आणि उरलेले ४,७०० तास इंजिन जागच्या जागी चालले. त्यांचे मैल होतात सुमारे १ लाख १७ हजार. म्हणजे १ लाख मैलांची दिसणारी गाडी इंजिनाच्या हिशेबाने सव्वादोन लाखांच्या घरातली आहे. एवढ्याने ती टाकाऊ ठरत नाही. योग्य देखभाल झालेले डिझेल इंजिन याहून कितीतरी पुढे जाते. फक्त किंमत ठरवताना दुसरा आकडा धरायचा. उलट बाजूही सांगायला हवी: या गाड्यांची देखभाल वेळापत्रकानुसार होते आणि तिच्या नोंदी ठेवल्या जातात. विक्री करणाऱ्या खात्याकडे त्या नोंदी मागाव्यात. मिळाल्या, तर त्या चकचकीत रंगापेक्षा जास्त सांगून जातात.

तिसऱ्या प्रकारात फोर्डच्या ई-३५० आणि ई-४५० या चासी सर्वाधिक दिसतात आणि त्यांत इंजिनाचा प्रश्न निर्णायक ठरतो. २००३ पर्यंत या गाड्यांत ७.३ लिटरचे पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिन येत असे. ते गोंगाट करते, पण टिकाऊपणासाठी नावाजलेले आहे. २००४ ते २०१० या काळात त्याची जागा ६.० लिटरच्या इंजिनाने घेतली आणि इथे सावधगिरी हवी. त्याचा ऑइल कूलर कूलंटमधल्या गाळाने चोंदतो. त्यामुळे पुढच्या ईजीआर कूलरला, म्हणजे धुराचा काही भाग थंड करून इंजिनात परत सोडणाऱ्या भागाला, पुरेसा कूलंट मिळत नाही आणि तो तडकतो. कूलंट इंजिनात शिरतो, दाब वाढतो आणि शेवटी हेड गॅस्केट जाते. या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी बरोबरी करू शकतो. चोंदलेला कूलर ओळखण्याची एक चाचणी आहे. गाडी महामार्गावर चांगली तापेपर्यंत चालवायची आणि निदान यंत्रावर ऑइल व कूलंट यांची तापमाने पाहायची. दोहोंतला फरक १५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ८ अंश सेल्सिअसहून अधिक असेल, तर कूलर चोंदलेला समजावा. याच इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाला ४८ व्होल्ट पुरवणारे एक विद्युत उपकरण असते. बॅटऱ्या कमजोर असल्या की ते बिघडते. विजेचा एवढा भार असलेल्या गाडीत बॅटऱ्यांची अवस्था त्यामुळेच आधी तपासायची. २०१० नंतर ई-मालिकेत डिझेल राहिले नाही. ६.८ लिटरचे दहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन इंधन भरपूर पिते, पण त्याची दुरुस्ती कुठेही आणि कमी खर्चात होते. वर्षातून थोडेच हिंडणाऱ्याला ते अधिक परवडते. शेवरलेच्या चासीवर ६.६ लिटरचे ड्युरामॅक्स डिझेलही मिळते. डिझेल असो वा पेट्रोल, एवढ्या वजनाची उभ्या भिंतींची गाडी लिटरला चार-पाच किलोमीटरच्या पुढे फारशी जात नाही. प्रवासाचा खर्च मांडताना हाच आकडा धरावा.

डबा तपासताना गंजाची वेगळी रूपे ओळखावी लागतात. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, पण पोलादी स्क्रू किंवा बिजागरी जिथे ॲल्युमिनियमला टेकते तिथे ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होते आणि ॲल्युमिनियम झिजते. दिव्यांच्या कडांभोवती, दारांच्या बिजागऱ्यांपाशी रंगाला फोड आलेले दिसतात, आत पांढरी पूड सापडते. ज्या राज्यांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात तिथल्या गाड्यांत हे जास्त, आणि त्यांची पोलादी चासीही खालून खाल्लेली असते. कोरड्या हवेच्या नैऋत्येकडच्या राज्यांतून गाडी आणण्याचा खर्च बहुधा वसूल होतो. छतावर दिवे आणि अँटेना यांची छिद्रे असतात. आतल्या कपाटांच्या वरच्या कोपऱ्यांत हात घालून ओल लागते का पाहावे. टायरची नक्षी नवी दिसली तरी त्याच्या भिंतीवरच्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत: पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. मागे जोडचाके असल्याने एकूण सहा टायर बदलायचे असतात, आणि ही रक्कम अंदाजपत्रकात नसली तर सारे गणित कोलमडते.

गाडी ताब्यात आल्यावर पहिले काम तिची जुनी ओळख पुसण्याचे. निळा सहा बाहूंचा तारा आणि त्यात सर्प वेढलेला दंड हे चिन्ह अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा विभागाचे नोंदणीकृत चिन्ह आहे. खासगी वाहनावर त्याला जागा नाही. ‘ॲम्ब्युलन्स’ ही अक्षरे, भोंगा, लाल-निळे चमकणारे दिवे यांबाबत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असला तरी रोख एकच: खासगी गाडी रस्त्यावर रुग्णवाहिका भासता कामा नये. काही राज्यांत दिवे नुसते बंद ठेवून भागत नाही, काढावेच लागतात. चौकातला सिग्नल हिरवा करून घेणारे उपकरण चुकून गाडीत राहिले असेल तर तेही काढायचे, कारण त्याचा अनधिकृत वापर केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. या नियमांमागचे कारण मनापासून पटण्यासारखे आहे. ज्या खुणा पाहून लोक वाट देतात त्यांवरचा विश्वास ढळला, तर त्याची किंमत खऱ्या रुग्णाला मोजावी लागते. रंगीत पट्टे विनाइलचे असतात. गरम हवेच्या यंत्राने ऊब देत सावकाश ओढले की निघतात. दिवे काढल्यावर उरलेली भोके ॲल्युमिनियमच्या चकत्या आणि सीलंट लावून बुजवावीत. बाजूंचे पांढरे प्रखर दिवे राज्याचा नियम आड येत नसेल तर ठेवण्याजोगे असतात. अंधारात तळ ठोकताना त्यांचा फार उपयोग होतो.

त्यानंतर सफाई, आणि ती वरवरची चालत नाही. बाकाखाली, कपाटांच्या मागे, जमिनीच्या कडांशी सुया सापडू शकतात. म्हणून जाड हातमोजे घालावेत, फटीत हात घालण्यापूर्वी विजेरीने पाहावे आणि मिळालेल्या सुया बंद कडक डब्यात भरून संकलन केंद्रात द्याव्यात. गाद्यांचे फोम काढून टाकावे, कारण शिवणीतून झिरपलेले रक्त आत वाळलेले असू शकते. कठीण पृष्ठभाग आधी साबणाने धुऊन मग जंतुनाशकाने पुसायचे. घाण तशीच असेल तर जंतुनाशकाचा प्रभाव पडत नाही. ब्लीचचे पाणी रोगजंतू मारते, पण ॲल्युमिनियमही खाते, म्हणून धातूवर हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित द्रव वापरणे चांगले. भिंतीत प्राणवायूच्या नळ्या असतात. त्या स्वयंपाकाच्या गॅससाठी वापरण्याचा मोह टाळलाच पाहिजे. त्या कामासाठी त्या बनलेल्या नाहीत. नळ्या काढाव्यात किंवा दोन्ही टोके बंद करावीत.

आतली मांडणी ठरवताना काय ठेवायचे याची यादी आधी करावी, काय काढायचे याची नंतर. एका बाजूला लांब बाक असते, ज्यावर तीन-चार माणसे बसत आणि ज्याच्या पोटात सामानाची जागा असते. रुंदी वाढवली की हेच बाक पलंग होते: पुढे ओढता येणारी फळ्यांची चौकट लावली की दिवसा बसायला, रात्री निजायला. दुसऱ्या पद्धतीत डब्याच्या मागच्या टोकाला आडवा पलंग बांधतात. त्यासाठी समोरची कपाटे काढावी लागतात, पण भिंतीपासून भिंतीपर्यंत सहा फूट उंचीचा माणूस आडवा मावतो आणि मधली जागा मोकळी राहते. दोघांसाठी हीच मांडणी अधिक सुखाची. रुग्णाच्या डोक्याशी असणारी परिचारकाची खुर्ची पक्की बोल्ट केलेली, पट्ट्यासह असते. तिसरा प्रवासी असेल तर ती काढू नये, कारण घरी बनवलेल्या लाकडी आसनाला तिच्याइतकी बळकटी येत नाही. सरकत्या पारदर्शक दारांची कपाटे पूर्वीपासूनच धावत्या गाडीत सामान न सांडण्यासाठी घडवलेली असतात. बाहेरच्या कप्प्यांत साखळ्या, जॅक, पाण्याची नळी आणि चिखलाचे बूट ठेवले की आतले घर स्वच्छ राहते. स्ट्रेचर अडकवण्याच्या पट्ट्या जमिनीत बोल्ट केलेल्या असतात. त्या काढल्या तरी बोल्टची भोके राखावीत, कारण सायकल किंवा जड पेटी बांधायला एवढी मजबूत जागा दुसरी मिळणार नाही.

सर्वांत जास्त वेळ वायरिंगला द्यावा लागतो, आणि इथेच घाई सर्वांत महाग पडते. डब्यातल्या कुठल्यातरी कपाटात विजेचा फलक असतो: ओळीने रिले, फ्यूज आणि क्रमांक घातलेल्या तारांचे जुडगे. जुन्या गाड्यांत प्रत्येक बटणाची तार रिलेपर्यंत जाते. नव्या गाड्यांत बटणे छोट्या संगणकाला संदेश देतात आणि तो दिवे-पंखे चालवतो. घरच्या घरी काम करणाऱ्याला जुनी पद्धत सोयीची, कारण साध्या मल्टिमीटरने ती उलगडते. संगणकाच्या पद्धतीत एक भाग बिघडला तर निर्मात्याच्या दारात जावे लागते. दोन्हीकडे नियम एक: तार कापण्यापूर्वी ती कुठून कुठे जाते हे लिहून ठेवायचे. डब्याच्या निर्मात्याकडे गाडीच्या अनुक्रमांकानुसार वायरिंगचा नकाशा असतो. मागितला तर तो बऱ्याचदा मिळतो आणि त्याने आठवड्यांचे कष्ट वाचतात.

पहिली अडचण बहुतेकांना गाडी उभी ठेवल्यावर जाणवते. रेडिओ, भोंग्याचा ॲम्प्लिफायर, उपकरणांचे चार्जर हे सगळे किल्ली काढल्यावरही थोडी थोडी वीज ओढत राहतात. ही गळती एकच अँपिअर असली तरी दिवसाला २४ अँपिअर-तास होते आणि ७५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी पडते. बहुतेक गाड्यांत डब्याचा सगळा पुरवठा तोडणारा मुख्य स्विच केबिनमध्ये असतो. तो बंद करूनही गळती राहिली, तर एकेक फ्यूज काढत मूळ शोधायचे.

इंजिनाची बॅटरी आणि घराची बॅटरी वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे रात्रभर पंखा चालला तरी सकाळी गाडी सुरू होते. घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आता सर्वमान्य झाली आहे. किती मोठी घ्यायची हे रोजच्या वापरावरून ठरते. ४५ वॉटचा फ्रिज दिवसातला ४० टक्के वेळ चालला तर सुमारे ४३० वॉट-तास घेतो. पंखा, दिवे, पाण्याचा पंप, फोन आणि लॅपटॉप मिळून तेवढेच किंवा थोडे अधिक. म्हणजे दिवसाला १ हजार वॉट-तास. १२.८ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी २,५६० वॉट-तास साठवते; ऊन नसले तरी अडीच दिवस निघतात. डब्याचे सपाट छत सौर पट्ट्यांसाठी अगदी सोयीचे. ४०० वॉटच्या पट्ट्यांनी साडेचार तासांच्या चांगल्या उन्हात, तूट वजा जाता, साधारण १,२०० वॉट-तास मिळतात, आणि रोजची गरज भागते. हिवाळ्यात उत्तरेकडे हा हिशेब निम्म्यावर येतो. तिथे मोठा अल्टरनेटर कामी येतो: मधे डीसी-डीसी चार्जर बसवला की दोन तासांच्या प्रवासात बॅटरी बरीच भरते. थेट जोडणी टाळावी, कारण लिथियम बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापवते. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते, म्हणून तिला बाहेरच्या कप्प्यापेक्षा आतली उबदार जागा द्यावी. रुग्णवाहिका ठाण्यात उभी असताना भिंतीवरच्या विजेवर चार्ज होत असे. ती बाहेरची जोडणी कॅम्पिंगच्या तळावर जशीच्या तशी वापरता येते. त्या १२० व्होल्टच्या मंडळाचे अर्थिंग आणि गळतीरोधक ब्रेकर मात्र जाणकाराकडून तपासून घ्यावे.

उष्णतेच्या बाबतीत रुग्णवाहिकेबद्दल एक गैरसमज आढळतो. तिच्या भिंतीत फोम भरलेला असतो हे खरे, पण ॲल्युमिनियमचा सांगाडा बाहेरच्या पत्र्यापासून आतल्या अस्तरापर्यंत उष्णता वाहून नेतो, आणि ॲल्युमिनियम फोमपेक्षा हजारो पट चांगला उष्णतावाहक आहे. मूळ वातानुकूलन आणि हीटर दोन्ही इंजिनावर चालतात. इंजिन बंद, की तेही बंद. चालू इंजिनाने ऊब पुरेल एवढीच अपेक्षा या भिंतींकडून ठेवलेली असते. म्हणून सांगाड्याच्या उघड्या पडलेल्या नळ्यांवर फोमची किंवा लोकरीसारख्या कृत्रिम तंतूंची पट्टी चढवावी आणि खिडक्यांना जाड झडपा लावाव्यात. ऊब मिळवायला सर्वांत काटकसरीचा उपाय म्हणजे डिझेलवर चालणारा छोटा हीटर. तो तासाला पाव लिटरपेक्षा कमी इंधन घेतो आणि डिझेल गाडीत मुख्य टाकीतूनच जोडता येतो. त्याची ज्वलनासाठीची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेर जातो, त्यामुळे आतली हवा कोरडी राहते. गॅसची उघडी शेगडी ऊब देते, पण वाफही सोडते.

वाफेचा विचार न केल्यामुळे कितीतरी चांगली कामे वाया जातात. दोन माणसे झोपेत रात्रभरात सुमारे अर्धा लिटर पाणी श्वासातून आणि त्वचेतून हवेत सोडतात. ते थंड धातूवर जमते, अस्तरामागे उतरते आणि प्लायवूड कुजवते. छतातला हवा बाहेर फेकणारा पंखा आणि खाली हवा आत येण्याची फट, एवढ्याने हा प्रश्न बराचसा सुटतो. थंडीतही पंखा हळू चालू ठेवावा. थोडी ऊब जाते, पण घर टिकते. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे यंत्र, धूर ओळखणारे यंत्र आणि अग्निशामक यांना पर्याय नाही. बाजूला एक आणि मागे दोन पल्ल्यांचे, अशी दोन दारे डब्याला असतात. पलंग बांधताना मागचे दार आतून उघडेनासे होणार नाही, याची काळजी घ्यावी.

पाणी आणि स्वयंपाक यांत फार गुंतण्यासारखे नाही. ७५ लिटरची टाकी, छोटा पंप, एक सिंक आणि सांडपाण्याची वेगळी टाकी दोघांना काही दिवस पुरते. टाकी शक्यतो चाकांच्या अक्षाजवळ आणि खाली ठेवावी, कारण भरल्यावर ती ७५ किलोने जड होते. गॅसची टाकी ठेवायला बाहेरचा कप्पा ठीक, पण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र हवे आणि घराकडची बाजू पूर्ण बंद हवी. प्राणवायूच्या जुन्या कप्प्याला झरोका असतोच; तो तळाशी नसेल तर पुरेसा नाही. कॅसेटचे संडास बाकाखाली सामावते.

एवढे झाले की कागदपत्रांचा प्रश्न येतो. केंद्रीय व्याख्येनुसार मोटारघर ठरायला सहापैकी किमान चार सोयी लागतात: स्वयंपाक, फ्रिज किंवा बर्फपेटी, स्वतंत्र संडास, हीटर किंवा वातानुकूलन, नळ आणि सिंकसह पिण्याचे पाणी, आणि वेगळा ११०-१२५ व्होल्टचा पुरवठा किंवा गॅस. नोंदणीचे तपशील राज्यागणिक बदलतात आणि विमा कंपन्या रुग्णवाहिकेचे नाव ऐकून कचरतात. काम होण्यापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे, पावत्या आणि वजनाची चिठ्ठी हाताशी असली की बोलणे सोपे होते. विमा मिळेल याची खात्री गाडी घेण्यापूर्वीच करणे शहाणपणाचे. चालवण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, कारण व्यावसायिक परवान्याची मर्यादा २६ हजार पौंडांपासून सुरू होते.

भारतात हाच प्रयोग करायचा तर वाट वेगळी आहे. इथल्या बहुतेक रुग्णवाहिका व्हॅनच्या मूळ सांगाड्यातच घडवलेल्या असतात, त्यामुळे वेगळा ॲल्युमिनियमचा डबा मिळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलांशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. मोटार कॅरव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानक आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. तरीही जुन्या रुग्णवाहिकेला हात लावण्यापूर्वी आरटीओत जाऊन वाहनाचा वर्ग बदलण्याची लेखी वाट विचारून घ्यावी; आधी सुतारकाम आणि मग परवानगी हा क्रम इथे महाग पडतो.

पुन्हा अमेरिकेतल्या गाडीकडे वळू. घर पूर्ण झाल्यावर गाडी भरलेल्या पाण्यासह, इंधनासह आणि माणसांसह वजनकाट्यावर न्यावी आणि पुढचा अक्ष, मागचा अक्ष असे वेगवेगळे वजन करावे. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पाटीवर एकूण मर्यादा आणि प्रत्येक अक्षाची मर्यादा दिलेली असते. जुन्या ई-४५० साठी एकूण मर्यादा १४,०५० पौंड, म्हणजे सुमारे ६,३७० किलो असते. एकूण वजन मर्यादेत असूनही एकच अक्ष जास्त भरलेला असू शकतो. तसे असेल तर बॅटऱ्या किंवा पाण्याची टाकी सरकवावी लागते. डाव्या-उजव्या चाकांचे वजनही वेगळे करता आले तर उत्तम, कारण स्वयंपाकघर, टाकी आणि फ्रिज एकाच बाजूला आले की गाडी वळणावर झुकते. उपकरणे आणि प्राणवायूच्या टाक्या निघून गेल्याने बऱ्याच गाड्या पूर्वीपेक्षा हलक्या भरतात. मग टायरमध्ये पाटीवरचा पूर्ण भाराचा दाब भरण्याऐवजी टायर निर्मात्याच्या भार-दाब तक्त्यात प्रत्यक्ष वजनासमोर दिलेला दाब ठेवतात. त्याने गाडीचे दणके कमी होतात आणि टायर मधोमध झिजत नाही.